वजामावशी काट्यावरून उतरत नाहीत

कुत्र्याचं वजन करणं हे ज्यांना सोपं काम वाटतं, त्यांनी एकदा करून बघावं. मोठी कुत्री परवडली. ती काट्याच्या पत्र्यावर चढतात, आपला फोटो काढताहेत अशा थाटात समोर बघत उभी राहतात आणि आकडा मिळतो. वांधे छोट्यांचे. हातभर कुत्रं त्या थंडगार पत्र्यावर ठेवलं की ते थरथरायला लागतं आणि त्याच्याबरोबर आकडाही थरथरतो. चार, सहा, साडेतीन, पाच. यातला खरा कुठला, ते कुत्र्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून या दवाखान्यात तीस वर्षांपासून एक पद्धत होती. मावशी चपला काढायच्या, कुत्रं छातीशी धरायच्या आणि स्वतःच काट्यावर चढायच्या. कुशीत कुत्रं गप्प. जो आकडा येईल त्यातून अठ्ठावन्न वजा करायचे, कारण मावशींचं वजन अठ्ठावन्न. उरलं ते कुत्रं. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना थट्टेने ‘वजामावशी’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे लोक खरं नाव विसरले. कधीकधी मावशीसुद्धा विसरत. बँकेतल्या माणसाने पुकारलं तर ही कोण बाई म्हणून त्या मागे वळून बघायच्या.

त्या इथे आल्या त्या फरशी पुसायला. नवरा छापखान्यात होता, तो तापाने गेला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. फरशी पुसता पुसता कुत्री धरायला लागल्या, धरता धरता त्यांना कुत्र्यांचं कळायला लागलं. मोठे डॉक्टर म्हणत, मला पुस्तकातून जे कळतं ते हिला बगलेतून कळतं. मोठे डॉक्टर आता नव्हते. त्यांच्या खुर्चीत त्यांचा मुलगा बसायचा. तेच धाकटे डॉक्टर. हे धाकटे डॉक्टर आठ महिन्यांचे असताना याच काट्यावर मावशींच्या कुशीतून तोलले गेले होते. तेव्हा ते नऊ किलो भरले होते आणि काट्यावर ओले झाले होते. मावशी ही गोष्ट कोणाला सांगत नसत. मात्र सांगू शकतात, हे दोघांनाही माहीत होतं.

दर सोमवारी सकाळी मावशी आधी स्वतःला तोलायच्या. आपलाच आकडा चुकला तर आठवडाभराची सगळी कुत्री चुकणार. तीस वर्षं तो आकडा अठ्ठावन्नावरून हलला नाही, कारण मावशी दोन मैल चालत यायच्या आणि दोन मैल चालत जायच्या. मग गेल्या थंडीत स्वतःच पुसलेल्या फरशीवरून त्या स्वतःच घसरल्या. गुडघा गेला. दीड महिना अंथरुणात, नंतर शेजारणीच्या स्कूटरवर मागे बसून ये-जा. दुखऱ्या गुडघ्याने काट्यावर चढायचं ते कुत्र्यासाठी ठीक होतं, नुसतं स्वतःसाठी कशाला चढायचं? सोमवारचं तोलणं सुटलं. अठ्ठावन्न मात्र डोक्यात पक्कं होतं.

आता जावईबापू. माणूस वाईट नव्हता. हे मावशी सगळ्यांना सांगायच्या, म्हणजे किती वेळा सांगावं लागत असेल बघा. दोन-अडीच वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्याने परसात सहा पिंजरे बांधले आणि कुत्र्यांची पिल्लं विकायला लागला. पिंजरे स्वच्छ, पाणी ताजं, त्यात खोट काढायला जागा नाही. खोट होती ती गिऱ्हाइकांच्या आवडीत आणि जावयाच्या होकारात. लोकांना आता वाघाचं तोंड हवं होतं, पण ते सोफ्यावर मावायला हवं होतं. जावईबापू म्हणाला, देऊ की.

एका रविवारी मावशी लेकीकडे गेल्या. लेक स्वयंपाकघरात होती, म्हणून त्या परसात आल्या. तिथे कापूस धावत आली. कापूस ही लेकीची पांढरी, झुपकेदार कुत्री. धंदा सुरू होण्याआधी घरात आलेली, म्हणजे मालात न मोडणारी. मावशींनी तिला सवयीने उचललं. हातांनी सांगितलं, साडेचार किलो. पण याच कापसाला त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी तोललं होतं आणि कार्डावर साडेसहा लिहिलं होतं. मावशींनी काट्यावर विश्वास ठेवला आणि हातांना मनातल्या मनात रागे भरल्या. वय झालं, दुसरं काय.

मग जावयाने हसत हसत बेत सांगितला. कापूस माजावर आली होती. बुधवारी अकरा वाजता दवाखान्यात तिला नळीने गाभण करायचं होतं, कारण नर इतका मोठा होता की एरवी जमणारच नव्हतं. नर म्हणजे पैलवान. तो कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात पंजांवर डोकं ठेवून पडला होता आणि त्याचं एकट्याचं डोकंच कापसाएवढं होतं.

मावशी पायरीवर बसल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, ही पिल्लं बाहेर कुठून येणार.

जावई म्हणाला, रस्त्यावर काय कोणी मापं घेऊन जमवतं का, तिथेही होतातच पिल्लं.

“रस्त्यावर मेलेल्या कुत्रीचं कार्ड नसतं, म्हणून ती तुम्हाला दिसत नाही,” मावशी म्हणाल्या. “डोकं बापावर जातं, जावईबापू. वाट मात्र आईचीच असते.”

जावई सहा फूट आणि लेक जेमतेम पाच. तो म्हणाला, मग आमचं काय बिघडलं.

“तुम्ही तिच्या सहापट नाही. आणि तरी नातवाच्या वेळी तिचं पोट कापावं लागलं, तेव्हा तुम्ही बाहेर खुर्चीवर बसून रडत होतात. तिला निदान विचारलं होतं. हिला कोणी विचारलं?”

हे जरा लागलं असावं, कारण जावई आत गेला आणि कापसाचं कार्ड व त्याला टाचलेला दवाखान्याचा गाभण करण्याचा फॉर्म घेऊन आला. ‘मादीचे वजन सहा किलो किंवा अधिक’ असा फॉर्मावर छापील रकाना होता. समोर कार्डावरून उतरवलेलं साडेसहा. खाली धाकट्या डॉक्टरांची सही.

“आई, नियमात बसतंय. आणि कार्डावरचं अक्षर कोणाचं आहे ते तुम्हीच बघा.”

अक्षर मावशींचंच होतं. सहाचं पोट जरा फुगीर काढायची त्यांची सवय होती.

घरी परतताना मावशींना मिरी आठवत होती. मिरी ही पंधरा वर्षांपूर्वीची एक काळी, मुठीएवढी कुत्री. शेजारचा दांडगा कुंपण ओलांडून आला होता. मिरीच्या पोटात एकच पिल्लू राहिलं, आणि एकटं असल्यामुळे ते जागाच जागा मिळून वाढत गेलं. दुपारी दीडला तिला आणलं तेव्हा ती सकाळपासून कळा देत होती, हिरवं पाणी जाऊन दोन तास झाले होते आणि घरचे म्हणत होते की होईल मोकळी, कुत्र्याची जात आहे. डोकं अडकलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी पोट उघडलं. पिल्लू आधीच मेलेलं. मिरी टेबलावर गेली. तिचे पुढचे दोन पाय मावशींच्या हातात होते. त्या दिवशी मावशींनी सगळं आवरलं, टेबल पुसलं, आणि घरी जाऊन जेवल्या नाहीत.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडल्या उघडल्या त्यांनी चपला काढल्या आणि काट्यावर चढल्या. एकट्या.

साठ.

उतरल्या, पुन्हा चढल्या. कमरेच्या किल्ल्या काढून ठेवल्या. साठ. मग पाच लिटरचा पाण्याचा डबा काठोकाठ भरून पत्र्यावर ठेवला. काटा खरा आहे का ते बघायची ही मोठ्या डॉक्टरांची युक्ती. आकडा पाच किलोच्या वर डब्याच्या स्वतःच्या वजनाएवढा थोडासा जाऊन थांबला. डबा खोटं बोलत नव्हता, काटा खोटं बोलत नव्हता. उरल्या मावशी.

म्हणजे हात बरोबर होते. आठ महिने कुशीत आलेल्या प्रत्येक छोट्या कुत्र्याच्या नावावर मावशींनी आपले दोन किलो चढवले होते. कापूस साडेसहाची नव्हतीच.

धाकटे डॉक्टर आल्यावर मावशींनी चहासुद्धा घेऊ न देता त्यांना हे सांगितलं. ते आधी पांढरे पडले. आठ महिन्यांची जंताची औषधं, तापाची औषधं, सगळी त्याच आकड्यांवर गेली होती. ऑपरेशनच्या आधी मात्र ते भुलीसाठी आतल्या छोट्या काट्यावर, कुत्रं शांत होईपर्यंत थांबून, वजन घेत, म्हणून अनर्थ टळला होता. मग त्यांचा रंग परत आला आणि त्याबरोबर शहाणपणही आलं. ते म्हणाले, हळूहळू कार्डं दुरुस्त करू, जसजशी येतील तसतशी. बोभाटा नको. लोकांचा विश्वास उडतो.

आणि बुधवारचं? मावशींनी विचारलं.

डॉक्टर पेन उघडझाप करायला लागले. म्हणाले, सही होऊन गेली आहे. साडेचार काय, साडेसहा काय, शेवटी दोन महिन्यांनी आपण तिचं सिझेरियन करणारच आहोत.

“आग लावायच्या आधी बंबाला सांगून ठेवलं, म्हणजे आग चांगली होते का?” मावशी म्हणाल्या. “आणि साडेसहाची असती तरी काय? तुमच्या फॉर्मात नराचा रकानाच नाही. सगळी मापं बाईची.”

डॉक्टर म्हणाले, मावशी, तुम्ही वजनं बघा, बाकीचं मी बघतो.

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मावशींनी ते शब्दशः पाळलं.

दवाखान्याच्या दाराबाहेर लसीच्या वेळा लिहायचा फळा होता. मंगळवारी लोक आले तेव्हा लसीच्या वेळा कोपऱ्यात ढकलल्या होत्या आणि बाकी फळाभर मावशींचं अक्षर होतं: ‘मागील आठ महिन्यांत मी कुशीत घेऊन केलेली सर्व वजने दोन किलोने जास्त आहेत. चूक माझी. माझे वजन साठ आहे, अठ्ठावन्न नाही. कार्डे रद्द समजावीत. पुन्हा घेऊन यावे.’ खाली सही, ‘वजामावशी’.

आपलं वजन चौकात खडूने लिहिणारी बाई लोकांनी याआधी बघितली नव्हती. दिवसभर करमणूक झाली. एकाने विचारलं, आमच्या कुत्र्याचे दोन किलो गेले कुठे? मावशींनी दंड थोपटून दाखवला. दुसऱ्याने विचारलं, आता तुम्हाला मिळवणीमावशी म्हणायचं का? त्या म्हणाल्या, म्हणा, पण आधी कुत्रं इकडे द्या. संध्याकाळपर्यंत एकवीस कुत्री पुन्हा तोलून झाली. गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला. कोणाचाही विश्वास उडाला नाही. उलट लोक म्हणाले, निदान सांगितलं तरी. धाकटे डॉक्टर मात्र दिवसभर मागच्या दाराने ये-जा करत होते.

बुधवारी अकराला जावईबापू आला. हातात टोपली, टोपलीत कापूस. बाहेर गाडीच्या काचेतून पैलवानाचं तोंड दिसत होतं, सगळ्या जगावर खूश. बाकांवर सात-आठ जण बसले होते. त्यांत म्हातारे शिंपीकाका होते, आणि त्यांच्या पायाशी सम्राट. सम्राट हा जावयाच्याच जुन्या बेताचा माल. डोकं सिंहाचं, छाती पिंपासारखी आणि खाली स्टुलाचे पाय, तेही बाहेर वाकलेले. दोन वर्षांचा असून तो म्हाताऱ्यासारखा बसायचा. त्याचे आणि मावशींचे गुडघे एकाच दिवशी दुखतात, असं शिंपीकाका सांगायचे.

जावई म्हणाला की फळ्यामुळे सकाळपासून त्याला सहा फोन आले आहेत, आणि घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडायची नसते.

“घरात सांगितली होती रविवारी,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही कार्ड आणून दाखवलंत. आणा तिला इकडे.”

आधी त्या एकट्या चढल्या. शिंपीकाकांनी चष्मा सावरून आकडा मोठ्याने वाचला, जणू लग्नाच्या कोटाचं माप घेताहेत. साठ. मग कापसाला घेऊन चढल्या. चौसष्ट, वर चारशे.

चार किलो चारशे. सम्राटने जांभई दिली.

जावयाने डॉक्टरांकडे बघितलं. म्हणाला, दीड किलोसाठी अडवू नका डॉक्टर, गिऱ्हाईक ठरलंय, पिल्लांना नावंसुद्धा ठेवून झालीत. लिहा सहा. कोण विचारतंय?

डॉक्टरांनी लगेच नाही म्हटलं नाही. एवढंच झालं. त्यांनी कार्डाकडे बघितलं, पेनाकडे बघितलं. हा माणूस महिन्याला दहा-बारा कुत्री आणतो, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेलं सगळ्यांना दिसलं.

मावशी काट्यावरून उतरल्या नाहीत. त्या कापसाला धरून हळूहळू वाकल्या, तोंड वाकडं केलं आणि त्या पत्र्यावरच बसल्या. दुखरा पाय पुढे पसरला.

“आता मी उठत नाही,” त्या म्हणाल्या. “ज्याला कुत्रं तोलायचं असेल त्याने माझ्यावर ठेवून तोलावं.”

डॉक्टर म्हणाले, मावशी, पेशंट थांबलेत. आवाजात डॉक्टर कमी आणि शाळेतला पोरगा जास्त होता.

“थांबू देत. तुझ्या बापाने मला याच काट्यावर वजा करायला शिकवलं. नसलेलं लिहायला नाही शिकवलं.” ते डॉक्टर झाल्यापासून मावशींनी त्यांना दवाखान्यात तू म्हटलं नव्हतं. “मिरीच्या वेळी तू दहावीत होतास. दाराआडून बघत होतास, मला माहीत आहे. तेव्हा काय करावं ते तुला कोणी विचारलं नव्हतं. आज मी विचारतेय.”

शिंपीकाकांनी खाली वाकून सम्राटचा कान कुरवाळला. म्हणाले, “कोट एकाच्या मापाचा, बाह्या दुसऱ्याच्या. शिवणाराचं काय जातं, घालणाऱ्याला जन्मभर टोचतं.” ते जावयाकडे न बघताच बोलले, म्हणून ते जास्त लागलं.

जावयाने शेवटचा हुकमी पत्ता काढला. बायकोला फोन केला की ये आणि तुझ्या आईला समजाव. लेक जवळच्याच वाचनालयात कामाला होती. दहा मिनिटांत आली. दारात थांबून तिने आधी फळा वाचला, पूर्ण वाचला, वाचनालयातल्या बाईने वाचावा तसा. मग आत आली. आई पत्र्यावर, पाय पसरलेला, मांडीवर कापूस. काट्यावर आकडा अजून चमकत होता.

“हिचं वजन किती?” तिने डॉक्टरांना विचारलं.

चार किलो चारशे, डॉक्टर म्हणाले.

“आणि पैलवानाचं?”

डॉक्टर म्हणाले, फॉर्मात तो रकाना नाही. मग तिने नवऱ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. एक्केचाळीस, असं तो चपलांना उद्देशून म्हणाला.

लेकीने जास्त काही केलं नाही. तिने डॉक्टरांच्या टेबलावरून कार्ड उचललं आणि मालकाच्या नावावर बोट ठेवलं. “इथे माझं नाव आहे. मला विचारून झालं नाही. आजचं रद्द करा, आणि हिचा माज उतरला की पिशवी काढायची तारीख द्या. तोवर ही आईकडे राहील.”

धाकट्या डॉक्टरांनी आपल्या सहीवर रेघ ओढली. जरा जास्तच जोरात ओढली, कागद फाटला.

जावई गाडीकडे गेला. पैलवानाने त्याचं तोंड चाटलं. कुत्र्याचं कोणाशीच भांडण नव्हतं. आत मावशींना उठवायला दोन माणसं लागली, कारण एकदा बसलेला गुडघा त्यांचंही ऐकत नव्हता. उठताना त्या म्हणाल्या की आकडा बघू नका, आता दोघी मिळून साठच्या वर आहोत आणि ते बरोबर आहे.

जावई तीन महिने सासूशी बोलला नाही. मावशी म्हणायच्या, माणूस वाईट नाही, फुरंगटतो. कापूस ऑपरेशननंतर लेकीकडे परतली आणि चार किलो आठशे झाली. फळ्याच्या कोपऱ्यात दर सोमवारी मावशींचं ताजं वजन यायला लागलं. धाकट्या डॉक्टरांनी एकदा सुचवून बघितलं की दवाखान्याच्या दारावर हे बरं दिसत नाही. मावशी म्हणाल्या, पुसा, खडू भरपूर आहेत.

जुने फॉर्म संपले नव्हते आणि नवे छापायला डॉक्टरांचा हात होत नव्हता. मग मावशी फावल्या वेळात पट्टी घेऊन बसल्या आणि उरलेल्या एकशे चाळीस फॉर्मांवर एकेक रकाना हाताने आखला. ‘नराचे वजन’. रेघा काही ठिकाणी तिरक्या गेल्या.

चौथ्या महिन्यात जावईबापू दुसरी एक छोटी कुत्री घेऊन आला. फॉर्म भरला, काउंटरवर सरकवला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मावशींनी फॉर्म वाचला. सगळं भरलेलं होतं, तिरक्या रेघांमधली जागा सोडून.

त्यांनी फॉर्म परत सरकवला, त्यावर पेन ठेवलं, आणि कुत्रीला घ्यायला चपला काढल्या.

“एक रकाना रिकामा आहे, जावईबापू,” मावशी म्हणाल्या. “भरा सावकाश. मी उभी आहे.”